नाव जुळत नाही

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि समाज' असा विषय दिला होता. विषय मोठा आहे आणि त्यावर बोलणारेही खूप आहेत. यंत्र कविता करतं, चित्रं काढतं, आपल्या नोकऱ्या खाणार की नाही, वगैरे. मी आज त्यावर बोलणार नाही. मी बारा वर्षं सॉफ्टवेअर लिहितो आहे आणि त्यातली बरीचशी वर्षं एका अगदी कंटाळवाण्या कामात गेली. दोन कागदांवरची दोन नावं एकाच माणसाची आहेत की नाहीत, हे संगणकाला ठरवायला लावायचं, एवढंच ते काम. कृत्रिम बुद्धिमत्ता त्यात जेमतेमच असते. पण आपल्या वस्तीतल्या माणसाची संगणकाशी पहिली झटापट होते ती इथेच, म्हणून मी यावरच बोलतो.

माझी एक खाला परभणी जिल्ह्यात राहते. खालू वारल्यावर तिला विधवा म्हणून थोडं अनुदान सुरू झालं होतं. मध्यंतरी पडताळणी झाली आणि ते बंद पडलं. सेवा केंद्रातल्या मुलाने स्क्रीनकडे बघून सांगितलं, "नाव जुळत नाही." बँकेच्या पासबुकावर 'शेख रशिदा शेख हुसेन' होतं, आधारवर 'रशीदाबी हुसेन शेख' आणि रेशनकार्डावर नुसतं 'रसिदाबी'. चार महिने पैसे आले नाहीत. प्रतिज्ञापत्र, झेरॉक्स, पुन्हा झेरॉक्स, प्रत्येक फेरीला बसभाडं आणि एक दिवसाची मजुरी बुडालेली. मी फोनवर तिच्यावरच चिडलो, की खाला, इतकी वर्षं एकाही कागदावर नाव नीट का लिहून घेतलं नाहीस? ती म्हणाली, "मेरा नाम तो तेरे खालू बी सीधा नै लेते थे, ये मशीन क्या लेगी."

हसण्यावर नेलं आम्ही. पण तिचं कुठे चुकलं, हे शोधायला बसलो तर तिचं काहीच चुकलेलं नव्हतं. मराठवाड्यात, विदर्भात आपल्याकडे नाव असंच लिहितात. शेख सलीम शेख रहीम. म्हणजे सलीम, रहीमचा मुलगा, दोघेही शेख. ज्या फॉर्मवर 'आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव' असे तीन रकाने आखलेले असतात, तो आखणाऱ्याने एका विशिष्ट घराचं नाव डोळ्यांपुढे ठेवलेलं असतं. त्या तीन रकान्यांत चार शब्द बसवायची वेळ आली की समोरचा कारकून आपल्या बुद्धीने काहीतरी करतो, आणि दरवेळी कारकून वेगळा असतो. कोकणातल्या परकार-मुकादमांना किंवा देशावरच्या तांबोळी-मुलाणी-बागवानांना हा त्रास थोडा कमी होतो, कारण त्यांचं आडनाव आडनावासारखं दिसतं.

लिपीची भानगड वेगळीच आहे. उर्दूत 'ज़'चा उच्चार दाखवणारे एकाहून जास्त वर्ण आहेत. मराठीत आपण नुक्ता लिहीत नाही, आणि आपल्या 'ज'चे उच्चार मुळातच दोन, जहाजातला वेगळा आणि जिभेतला वेगळा. म्हणून ज़ाकिरचा जाकीर होतो, आणि लिहिणारा फार काळजीवाहू असेल तर झाकीर होतो. शाळेच्या दाखल्यावर जाकीर असेल, तर इंग्रजीत तो 'जे'ने सुरू होतो. त्याच मुलाने पुढे पासपोर्ट काढताना स्वतःच्या हाताने नाव लिहिलं तर ते 'झेड'ने सुरू होतं. आधारच्या नोंदणीत इंग्रजीत टाइप केलं की मराठी रूप सॉफ्टवेअर आपणहून सुचवतं. ते तपासून दुरुस्त करायचं असतं, पण दाराबाहेर साठ माणसांची रांग असली की कोण तपासतो? आणि ज्याचं नाव आहे त्याला ती लिपी वाचता येत असेलच असंही नाही.

यात १ जूनची भर घाला. इथे कितीजणांची जन्मतारीख १ जून आहे? बघा, हात वर आले. गुरुजींनी शाळेत घालताना जून महिना सोयीचा म्हणून टाकलेली तारीख. ही काही फक्त मुसलमानांची गोष्ट नाही, सगळ्या महाराष्ट्राची आहे. पण 'शेख सलीम, १ जून १९६८' अशी माणसं एकाच तालुक्यात अनेक निघतात. संगणकाला मग उलटा संशय येतो, की हा एकच माणूस दोनदा फायदा घेतोय.

आता संगणक नाव जुळवतो म्हणजे नेमकं काय करतो, ते सांगतो. त्याला रशिदा कोण, हे माहीत नसतं. तो अक्षरं मोजतो. सगळ्यात रुळलेली एक पद्धत व्लादिमीर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ मध्ये मांडली. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला कमीत कमी किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतील, ते मोजायचं. इंग्रजी स्पेलिंग घेऊन बघा. 'सलमा' आणि 'सलमान' यांत फक्त एका अक्षराचा फरक. मोठ्या शब्दात सहा अक्षरं, त्यातली पाच जुळली, म्हणजे साम्य ८३ टक्के. आता आपला मोहम्मद घ्या. कागदावर त्याचं चार अक्षरी संक्षिप्त रूप लिहिलेलं असतं, एम-ओ-एच-डी. ते पूर्ण करायला मधे चार अक्षरं घालावी लागतात. आठातली चार जुळली, साम्य ५० टक्के. म्हणजे या हिशेबात सलमा नावाची बाई आणि सलमान नावाचा बाप्या जवळजवळ एक, आणि मोहम्मद मात्र स्वतःशीच निम्मा परका.

दुसरी पद्धत याहून जुनी आहे, साउंडेक्स. १९१८ मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं गेलं. सारख्या उच्चाराच्या नावांना एकच संकेतांक द्यायचा, म्हणजे स्पेलिंग चुकलं तरी नाव सापडेल, अशी चांगली कल्पना. शेखची तीन-चार स्पेलिंगं ती नीट एकत्र आणते, हे मान्य केलं पाहिजे. पण तिचा एक नियम असा की पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवायचं. त्यामुळे 'के'ने लिहिलेला काझी आणि 'क्यू'ने लिहिलेला काझी तिच्या दृष्टीने दोन वेगळी माणसं. ज्यांनी ती बनवली त्यांच्यासमोर तिथली आडनावं होती, स्मिथ आणि स्मायथ. त्यांचा दोष नाही. शंभर वर्षांनी पुण्यात बसून तीच पद्धत विचार न करता उचलणाऱ्याचा दोष आहे, आणि तो माणूस मी होतो.

एका कंपनीत आम्ही कर्जाच्या अर्जांची पडताळणी करणारी प्रणाली बनवत होतो. अर्जावरचं नाव, पॅनवरचं नाव, बँकेतलं नाव. साम्य किती टक्क्यांच्या वर असलं की अर्ज पुढे सरकवायचा, हा आकडा मला ठरवायचा होता. मी ८५ ठेवला. का ठेवला? आधीच्या प्रकल्पात ८५ होता म्हणून. दुसरं काहीही कारण नाही. कोणी विचारलंही नाही. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या आणि जेवायला गेलो. चाचणीसाठी नावांची यादी मीच केली होती, कुलकर्णी, देशपांडे, पाटील, शर्मा, अय्यर, फर्नांडिस. चाचणी झकास पार पडली.

त्या यादीत माझं स्वतःचं नाव नव्हतं. हे पुढे कधीतरी लक्षात आलं आणि मग मी बराच विचार केला. विसरलो होतो का? विसरलो नव्हतो. माझं नाव कुठेही पहिल्या फटक्यात जुळत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. ते यादीत टाकलं असतं तर चाचणी लाल झाली असती आणि मला सगळ्यांना समजावत बसावं लागलं असतं, की आमच्यात नावं अशी असतात बरं का. ते टाळलं मी.

प्रणाली सुरू झाल्यावर काही महिन्यांनी दुसऱ्याच एका बिघाडासाठी मी नाकारलेल्या अर्जांची नोंद उघडली. शेख, सय्यद, मोहम्मद, बी, बेगम, खातून. पान खाली सरकवत होतो आणि आमच्या मोहल्ल्याची हजेरी वाचतोय असं वाटत होतं. सोबत दक्षिणेकडची आद्याक्षरांची नावं होती, आदिवासी भागातली एकेरी नावं होती. प्रमाण किती, ते मी तेव्हा मोजलं नाही. मोजायला हवं होतं. वरिष्ठांना सांगितलं तर ते म्हणाले, नाकारलेले अर्ज माणूस बघतोच की. माणूस बघत होता हे खरं. पण त्या माणसाला दिवसाला किती अर्ज उरकायचे याचं लक्ष्य ठरवून दिलेलं होतं, आणि त्याच्यासमोर स्क्रीनवर लाल अक्षरात आधीच लिहून येत होतं, 'जुळत नाही'. लाल अक्षराविरुद्ध जाऊन सही करायची जोखीम तो कशाला घेईल?

नंतर आम्ही दुरुस्ती केली. शब्दांचा क्रम बदलला तरी चालेल असं केलं, मोहम्मदची संक्षिप्त रूपं ओळखायला लावली, 'बी' आणि 'बेगम' वगळून तुलना केली. फार अवघड काम नव्हतं, आठवडा-दीड आठवड्याचं. पण जाळी सैल केली की दुसरा धोका उभा राहतो, हेही सांगायला हवं. शेख सलीमचं थकलेलं कर्ज दुसऱ्याच शेख सलीमच्या नावावर चिकटू शकतं. तेव्हा कोणता तरी जादूचा आकडा सापडेल आणि प्रश्न मिटेल, असं नाही. आकडा कोणताही ठेवा, कुणीतरी बाहेर पडणारच आहे. बाहेर पडलेल्या माणसाला दाद मागायला जागा आहे का, आणि ती मागायला त्याला किती फेऱ्या पडतात, हे मला आता आकड्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

कर्ज नाकारलं तर माणूस दुसरीकडे जातो. पण असाच आकडा जेव्हा पोलिसांच्या हातात असतो तेव्हा? चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीबद्दल २०२२ मध्ये माहितीच्या अधिकारात दिल्ली पोलिसांना विचारलं गेलं. उत्तर आलं की ८० टक्क्यांहून अधिक साम्य असेल तर ती जुळणी मानतात. त्याखाली असेल तर ती खोटी जुळणी, पण इतर पुराव्याच्या आधारे पडताळणी तरीही होऊ शकते. ८० का? ७५ का नाही, ९५ का नाही? माझ्या ८५ सारखाच तोही कुठल्या मीटिंगमध्ये ठरला असेल का, या विचाराने मला खरोखर झोप लागली नव्हती. चेहऱ्यांच्या बाबतीत यंत्र सगळ्यांशी सारखं वागत नाही, हे जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक स्त्रियांनी २०१८ मध्येच दाखवून दिलं होतं. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष सांगणाऱ्या प्रणाली त्यांनी तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एक टक्क्याच्याही आत होती, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४ टक्क्यांपर्यंत गेली.

आसामचं तुम्हाला माहीत आहे. तिथे ३ कोटी ३० लाख लोकांनी अर्ज केले, १९५१ ची नोंदवही आणि १९७१ पर्यंतच्या मतदार याद्यांशी नातं सिद्ध करायचं होतं, आणि वंशवृक्ष जुळवायला सॉफ्टवेअर वापरलं गेलं. ३१ ऑगस्ट २०१९ च्या यादीतून १९ लाख ६ हजार ६५७ माणसं बाहेर राहिली, हिंदूही आणि मुसलमानही. कारणं अनेक होती. पण नावाच्या स्पेलिंगमधला आणि वयातला फरक हा तिथल्या विदेशी न्यायाधिकरणांपुढे नेहमी येणारा वाद आहे. आजोबांचं नाव एका कारकुनाने एका लिपीत ऐकून लिहिलं, नातवाचं दुसऱ्याने दुसऱ्या लिपीत. माझ्या खालाचे चार महिन्यांचे पैसे गेले. इथे नागरिकत्वच पणाला लागलेलं होतं.

हे फक्त आपल्याच देशात होतं असं समजून मनाला लावून घेऊ नका. नेदरलँड्ससारख्या नीटनेटक्या देशात पाळणाघराच्या अनुदानात फसवणूक कोण करत असेल, याचा अंदाज बांधणारी प्रणाली करखात्याने चालवली. तिच्यात अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हा एक निकष होता. हजारो आईबापांना फसवे ठरवून त्यांच्याकडून पूर्ण रक्कम वसूल केली गेली. घरं मोडली, लोक कर्जात बुडाले, आणि त्यांत स्थलांतरित कुटुंबं मोठ्या संख्येने होती. जानेवारी २०२१ मध्ये त्यावरून तिथल्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. सॉफ्टवेअरच्या पापासाठी मंत्रिमंडळ गेल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

आता आपल्या घरात येतो, कारण सगळा दोष बाहेरच्यावर टाकून मोकळं होणं मला पटत नाही.

इथे बसलेल्या पुरुषांना विचारतो. तुमच्या बायकोच्या आधारला कोणाचा मोबाईल नंबर जोडलेला आहे? तुमचाच ना? घरात एकच फोन होता तेव्हा जोडला गेला आणि तसाच राहिला. कोणी वाईट हेतूने केलं असं मी म्हणत नाही. पण याचा अर्थ असा, की तिच्या प्रत्येक सरकारी कामाचा, बँकेच्या बऱ्याच कामांचा ओटीपी तुमच्या खिशात येतो. ती स्वतः आहे, हे सिद्ध करायला तिला तुमची परवानगी लागते. आणि उद्या तुम्ही तिला घराबाहेर काढलं तर?

ही कल्पनेतली गोष्ट नाही. आमच्या गल्लीत दर रविवारी आम्ही काही मुलं कागदपत्रांच्या मदतीला बसतो. तिथे आलेल्या एका बाईला नवऱ्याने तीनदा तलाक म्हणून माहेरी पाठवलं होतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा तलाक अवैध ठरवला, २०१९ मध्ये कायदा झाला, तो गुन्हा आहे, हे सगळं आपण इथे अनेकदा बोललो आहोत. पण त्या बाईच्या हातात कागद काय होता? काहीच नाही. कायद्याने ती विवाहित, वस्तीच्या लेखी तलाकशुदा, आणि संगणकाच्या फॉर्मवर 'वैवाहिक स्थिती' या रकान्यात तिला निवडता येईल असा पर्यायच नाही. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा तिच्या आधारबरोबर पतीचं किंवा वडिलांचं आधार आणि त्यावर येणारा ओटीपी मागितला गेला. वडील हयात नाहीत. पती फोन उचलत नाही. पुढे विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांसाठी अंगणवाडी सेविकेकडे कागद देण्याची सोय करण्यात आली. ते चांगलंच झालं, पण त्यातही मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद हवा. जिचा घटस्फोट नुसत्या तोंडाने झालाय तिने कोणता कागद द्यायचा?

१८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला. त्यांची मागणी तोंडी तलाक बंद करा ही होती. साठ वर्षांनी तोच तोंडी तलाक एका रकान्यातून पुन्हा समोर आला आहे. तो फॉर्म बनवणारा माझ्यासारखाच कोणी इंजिनिअर असणार. त्याच्या डोळ्यांपुढे ही बाई नव्हती. त्याला ती कोण दाखवणार होतं? आपण दाखवली नाही.

एवढं बोलून कोणाला वाटेल की मी यंत्रांच्या विरोधात आहे. तसं नाही. पैसे थेट बाईच्या खात्यात येऊ लागल्यामुळे मधले दोन दलाल आणि घरातला एक हक्कदार कमी झाले, हे मी आमच्याच नात्यात पाहिलंय. देशातलं पहिलं आधार २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, ते ज्यांच्याकडे कुठलाच कागद नाही त्यांना ओळख मिळावी म्हणून. तो हेतू मला आजही पटतो. आणि २०१८ च्या आधार निकालात, प्रमाणीकरण फसलं म्हणून पात्र माणसाचा लाभ बुडू नये, हा मुद्दा आलेला आहे. तो छापून खिशात ठेवा, केंद्रावर उपयोगी पडतो. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे. ज्या माहितीवर तुमच्याबद्दल निर्णय घेतला जाईल ती पूर्ण आणि अचूक ठेवण्याची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावर टाकलेली आहे. युरोपच्या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. फक्त यंत्राने घेतलेल्या निर्णयात माणसाने लक्ष घालावं, असं तिथला नागरिक म्हणू शकतो. आपल्या कायद्यात ते नाही. ही मागणी कोणीतरी लावून धरली पाहिजे, आणि ती आपल्यासारख्या संघटनांनी लावून धरायला काय हरकत आहे? खालाचा प्रश्न हा फक्त मुसलमानांचा प्रश्न नाही, म्हणून तर आपण मांडावा.

इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना एक सांगायचंय. नोकरी लागली की पहिली दोन वर्षं तुम्ही तोंड उघडणार नाही, मला माहीत आहे. मीही उघडलं नाही. नाव, गाव, कपडे यांवरून आधीच आपल्याकडे लक्ष जातं, त्यात आणखी कुठे तक्रार करा. पण चाचणीची यादी तर तुमच्या हातात असते ना? तिच्यात तुमच्या आजीचं नाव टाका. शेख सलीम शेख रहीम टाका, एकाच शब्दाचं नाव असलेला धडगावचा पावरा टाका, १ जून टाका. भांडायची गरज नाही. चाचणी लाल झाली की बाकीचे आपोआप विचारतात.

खालाचं अनुदान आता सुरू आहे. मधल्या चार महिन्यांचे पैसे अजून आलेले नाहीत, अर्ज प्रलंबित दाखवतो. बाहेर डाव्या हाताला टेबल मांडलंय. जेवणानंतर तिथे आम्ही तिघं बसणार आहोत. ज्या बहिणींच्या आधारला स्वतःचा नंबर जोडलेला नाही, त्यांनी आधी नाव द्यावं. जुन्या नंबरचा ओटीपी हाताशी नसला तरी आधार केंद्रावर जाऊन, बोटांचे ठसे देऊन नंबर बदलता येतो. ती वेळ आम्ही घेऊन देऊ. भावांनी सोबत यायची गरज नाही.